भट्टीकडची भिंत

आमच्या वडिलांचं अख्ख्या नगर शहरात कुणाशी वैर नव्हतं, एक धूर सोडला तर. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. एका हायस्कूलात ते विज्ञान शिकवायचे आणि शाळेत शिकवून उरलेलं विज्ञान घरी घेऊन यायचे. दूध उतू जायला लागलं की ते का उतू जातं हे दादा समजावून सांगत, आणि तोवर आई पातेलं उतरवून, स्टो पुसून मोकळी झालेली असे. चूल त्यांनी कधीच घराबाहेर काढली होती. देवापुढे उदबत्ती एकच लागे, आणि तीही लावून झाली की दादा खिडकी उघडत.

याला कारण होतं. आईला दमा होता. पारनेरकडच्या खेड्यातली ती, मोकळ्या माळावर वाढलेली. लग्न होऊन आली ती माळीवाड्याच्या आतल्या एका गल्लीत, आणि घर मिळालं ते बेकरीला लागून. पुढे बेकरीचं दुकान, मागे भट्टी. भट्टीची आणि आमच्या माजघराची भिंत एकच. भट्टी पहाटे पेटायची. ओली बाभूळ, वखारीतला भुसा, फुटकी खोकी, जे हाताला लागेल ते चाचा आत सारायचे. चाचा म्हणजे बेकरीचे मालक, पोटाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. भट्टीला धुराडं होतं, पण ते आमच्या कौलांच्या वर जेमतेम हातभर. त्यातून निघालेल्या धुराला वर जायचा कंटाळा यायचा आणि तो सरळ आमच्याकडे वस्तीला यायचा.

सत्तर-एकाहत्तर सालची ही गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. सकाळी आमची गल्ली खोकत उठायची. वाळत घातलेल्या धोतरांवर काजळीचे ठिपके, रांगोळीवर काजळी, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर काजळी. बायका भट्टीच्या नावाने बोटं मोडायच्या आणि तिथूनच गरम पाव घेऊन यायच्या. दिवाळीच्या आधी तर बेकरीत पाय ठेवायला जागा नसे. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, नानकटाई तिथेच बसून थापायची, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कुणी वर चारोळी लावायची, कुणी वेलदोड्याचा दाणा, आणि चाचांच्या ताब्यात द्यायची. मग भाजून होईपर्यंत गप्पा. त्या दिवसांत धुराबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

आता ती भिंत. दगडमातीची, चांगली दोन हात जाड. पहाटे भट्टी पेटली की ती हळूहळू तापायची आणि दिवसभर, रात्रभर तशीच ऊबदार राहायची. एप्रिल-मे महिन्यात तिच्याजवळ कुणी जायचं नाही, पण बाकीचे महिने ती भिंत म्हणजे गल्लीतल्या बायकांची सार्वजनिक मालमत्ता होती. थंडीत दही विरजायचं तर पातेलं आमच्या भिंतीशी. कुणाकडे बाळंतीण असली की पावसाळ्यात दुपटी आमच्या भिंतीवरच्या दोरीवर. दुपारी कामं आटोपली की समोरच्या काकू आणि आणखी दोघीतिघी येऊन कंबर शेकत बसायच्या, हाताने शेंगा आणि तोंडाने सुना सोलत. गल्लीतली दोन मांजरंही तिथेच पडून असायची. आई रात्री त्या भिंतीला पाठ लावून झोपायची.

दादांची पाठ त्या भिंतीला कधी लागलीच नव्हती. आमच्याकडे पुरुषमाणसाचं बस्तान बाहेरच्या खोलीत. त्यांची खुर्ची, टेबल, खाट, येणारी-जाणारी माणसं, सगळं तिथे. माजघरात ते यायचे ते जेवायला, आणि त्यांचा पाट समोरच्या भिंतीशी. घरात ही रीत कुणी घालून दिली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. त्यामुळे भट्टीचा धूर दादांना पुरता ठाऊक होता, ऊब मात्र ठाऊक नव्हती.

तर दादांनी धुराविरुद्ध मोहीम काढली. सुरुवात प्रयोगाने झाली. एक पांढरा शुभ्र हातरुमाल ओला करून त्यांनी कौलांवर काठीला बांधला आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर तो गल्लीभर फिरवून दाखवला. "हे तुमच्या फुप्फुसात जातंय," ते म्हणाले. समोरच्या काकूंनी रुमाल निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "मास्तर, हा आता सोड्याशिवाय निघायचा नाही." पण पुरुषमंडळींवर परिणाम झाला. चार जण दादांबरोबर चाचांकडे गेले.

चाचा म्हणाले, "मास्तर, धूर काय मी मुठीत धरून ठेवू? भट्टी आहे, धूर होणारच."

"होऊ द्या. वर होऊ द्या," दादा म्हणाले. "धुराडं उंच करा. गरम हवा वर चढते, धुराला ओढून नेते. मी गणित करून देतो."

गणित दादांनी केलं, पत्रेवाल्याने धुराडं केलं आणि गल्लीने वर्गणी केली. नवीन धुराडं जुन्याच्या तिप्पट उंच झालं. त्याला हार घातला, खाली नारळ फोडला, चाचांनी सगळ्यांना खारी वाटली. आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच आमच्या गल्लीत धूर यायचा थांबला. आई पहाटे उठून अंगणात उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "आवो, तारं दिसत्यात की!" दादा त्या दिवशी शाळेत जाताना शीळ घालत गेले. मी त्यांना आधी कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आईचा दमा जवळजवळ गेला. वर स्वच्छ हवा, पाठीला ऊबदार भिंत. पुढे आम्ही दोन्हींपैकी एकच गोष्ट ध्यानात ठेवली.

दादांच्या गणितात एक गोष्ट राहून गेली होती. धूर वर जातो, पण वर गेला म्हणजे संपला असं नव्हे. आमच्या गल्लीवरून तो ऐटीत उडत जायचा आणि मागच्या आळीत उतरायचा. मागच्या आळीत दादांच्या शाळेचे हेडमास्तर राहायचे. फाल्गुनात हेडमास्तरांच्या बाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र कुरडया संध्याकाळपर्यंत राखाडी झाल्या. लग्न ठरलेल्या मुलीच्या रुखवताच्या कुरडया त्या! हेडमास्तरांनी दादांना मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. काय बोलले ते दादांनी घरी सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी जेवताना एकदाही कुठल्या गोष्टीचं कारण समजावून सांगितलं नाही.

मग ठरलं की भट्टी गावाबाहेरच न्यायची. चाचांच्या भावाची केडगावच्या बाजूला मोकळी जागा होती. तिथे मोठी भट्टी बांधली की मालही जास्त निघेल हे चाचांना पटलं. शेवटी तर त्यांनाच घाई झाली. उन्हाळ्यात जुनी भट्टी बंद पडली. दुकान राहिलं तिथेच, पाव सकाळी टेम्पोतून येऊ लागला. दोन्ही आळ्यांनी दादांचा सत्कार केला. हेडमास्तरांनी स्वतः शाल घातली आणि धुराड्याच्या जागी आता निळं आकाश दिसतं असं काहीतरी बोलले. धुराडं खरं तर होतं तिथेच उभं होतं, पण सत्काराच्या भाषणात तेवढं चालतं.

मे महिन्यात आमचं माजघर कधी नव्हे ते गार झालं. दादा येईल त्याला सांगायचे, "बघा, धूरही गेला आणि उकाडाही गेला." आईसुद्धा "व्हय, लई बरं झालं" म्हणायची, आणि तेव्हा ते तिला मनापासून वाटत होतं.

पाऊस सुरू झाला आणि एकेक गंमत कळायला लागली. आधी मांजरं गेली. मग डास आले. इतकी वर्षं ते कुठे होते कोण जाणे, पण आमची गल्ली मोकळी झाल्याची बातमी त्यांना पोचली होती. बाळंतिणीची दुपटी वाळेनात. दही विरजेना. समोरच्या काकू पातेलं परत न्यायला आल्या तर आत नुसतं दूध, तेही नासकं. दिवाळीत नानकटाईसाठी बायका डबे घेऊन केडगावला गेल्या. जाताना मजेत गेल्या, पण येताना टांग्यात इतके हिसके बसले की डब्यांत निघाला तो सगळा भुगा. त्या वर्षी गल्लीत प्रत्येक घरी पाहुण्यांना नानकटाई चमच्याने दिली गेली. आम्ही पोट धरून हसलो.

भिंतीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बंद भट्टीचं छप्पर कुणी शाकारलं नाही. पाणी आत मुरलं, दोन हातांची माती ते पीत राहिली, आणि दसऱ्यापर्यंत आमच्या बाजूचा गिलावा फुगला. त्यावर हिरवट-काळी बुरशी चढली. मी खराट्याने घासून काढायची, आठवड्यात परत यायची. थंडी पडली तशी ती भिंत बर्फासारखी गार झाली. माजघरात शिरलं की ओल्या तळघराचा वास यायचा.

आणि आईची छाती पुन्हा वाजायला लागली.

आधी कधी नव्हे इतकी वाजायला लागली. ती आता आडवी होत नसे. वळकटीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या बसल्या डुलकी काढायची. मी शेजारी झोपत असल्यामुळे मला दिसायचं. दादा बाहेरच्या खोलीत, मधे दार. सकाळी ते उठायच्या आत आई तोंड धुऊन, कुंकू लावून चहाला लागलेली असायची. खोकल्याची उबळ आली की परसात जायची. दादांनी विचारलं तर म्हणायची, "पडसं झालंय."

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ती भिंतीवर हात फिरवत उभी होती. गुरावरून फिरवतात तसा.

"दादांना सांग ना," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"की भट्टी होती तेच बरं होतं म्हणून. तुला ऊब मिळायची."

तिने हात काढून घेतला. "खुळी का काय तू? त्यांनी समदं माझ्यासाठी केलं. वरीसभर लोकांच्या दारी हिंडलं. आन आता मी म्हनू, की त्यानंच मला जास्ती झालं? न्हाई जमायचं मला ते. तूबी बोलायचं न्हाई."

मला इतका राग आला की काय सांगू. तिचा, दादांचा, त्या शालीचा. पण तिने शपथ घातली आणि मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, घरातल्या पितळी भांड्यांनी ते आठवडाभर सोसलं.

मग एका रविवारी सकाळी दादांच्या शाळेतले दोन शिक्षक आले. त्यांच्या गल्लीत पिठाच्या गिरणीचा त्रास होता आणि मोहीम कशी काढायची हे त्यांना दादांकडून शिकायचं होतं. दादा रंगात आले. आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली तेव्हा ते सांगत होते, "आता आमच्या घरचंच उदाहरण घ्या. इतक्या वर्षांचा दमा. धूर गेला आणि दमाही गेला. हो की नाही गं?"

आईने मान डोलावली. मी दारातून बघत होते. तिने श्वास रोखून धरला होता, कारण सोडला असता तर तो वाजला असता. बश्या ठेवल्या, पदर सावरला, वळली, सावकाश आत आली आणि उंबरा ओलांडल्यावर माझ्या खांद्याला धरून तिथेच खाली बसली. तिचे ओठ निळे झाले होते. मी आरडाओरडा केला. पाहुणे पोहे टाकून डॉक्टरांना आणायला धावले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ती जरा सावरली. दादा तिच्यापाशी उकिडवे बसले होते, तोंड पार उतरलेलं. "पण आता तर धूरही नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. "आता कशाने होतंय?" डॉक्टर म्हणाले, थंडी, ओल, काहीही असू शकतं. ते गेल्यावर दादांनी तोच प्रश्न आईला विचारला, जरा चिडूनच, जणू तिने गणित सोडवताना काहीतरी चूक केली होती. आईने माझ्याकडे पाहिलं. बोलू नको, असं.

मी बोलले. शपथ मोडली आणि सगळं सांगितलं. दही, मांजरं, दुपटी, ती कशी झोपायची, आता कशी बसते, परसात जाऊन कशी खोकते. "तुम्ही कौलांवर रुमाल बांधलात दादा, पण घरातल्या भिंतीला एकदा हात लावून पाहिला नाहीत," असंही म्हणाले. ते मी ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजात आमच्याकडे वडिलांशी कुणी बोलत नसे.

दादा उठून भिंतीपाशी गेले, खाली बसले आणि पाठ टेकली. त्या घरात एवढी वर्षं राहून पहिल्यांदाच. उठले तेव्हा शर्टाला पाठभर ओला चुना लागला होता. तो न झटकता, चपला घालून ते तडक चाचांच्या दुकानात गेले. मी मागोमाग.

"चाचा, जुन्या भट्टीची किल्ली द्या."

चाचांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, तुम्हीच बंद केली, आता तुम्हीच उघडता? माल सगळा तिकडे होतो. आता इथे काय भाजणार?"

"भिंत," दादा म्हणाले.

चाचा आधी खो खो हसले. मग दादांनी थोडक्यात सांगितलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. किल्ली त्यांनी खिळ्यावरून काढून दिली आणि म्हणाले, "भाभींना बरं नाही हे मला आधी का नाही सांगितलं?"

त्याच दिवशी दादांनी छपरावर पत्रे टाकून घेतले, वखारीतून भुसा आणि बाभूळ आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी घालून ते भट्टीत शिरले. ज्वलन म्हणजे काय हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण भट्टी काही त्यांच्याच्याने पेटेना. दोन काडेपेट्या संपल्या. शेवटी पेटली तेव्हा धुराचा असा लोट निघाला की चाचांच्या काळातही तसा कधी निघाला नसेल. तो नव्या धुराड्यातून वर गेला आणि मागच्या आळीत उतरला. दादा बाहेर आले ते डोळे लाल, मिशी करपलेली, कानटोपी काळी. अंघोळ करून, करपल्या मिशीनेच शाळेत गेले.

दोन हातांची ओली भिंत काही एका दिवसात तापत नाही. आधी तिच्यातून वाफ निघाली, मग गिलाव्याचे पोपडे गळून पडले. दादा रोज पहाटे भट्टी पेटवायचे आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर भिंतीला तळहात लावून बघायचे. आई लाजून चूर व्हायची. "आवो, राहू द्या की. गाव काय म्हनंल? शाल घातलीय त्यांनी तुमाला."

गाव म्हणायचं ते म्हणतच होतं. आमच्या गल्लीतले लोक दादांना पाहून हसायचे, मागच्या आळीतले ओळख दाखवेनासे झाले. दादा म्हणजे एवढा बोलका माणूस, पण त्या दिवसांत त्यांनी कुणालाही काहीही समजावून सांगितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी उन्हं अंगणात आली होती तेव्हा, मागच्या आळीतली पाच-सहा माणसं आमच्या दाराशी आली. पुढे हेडमास्तर. अंगावर धुतलेला सदरा, त्यावर काजळीचे ठिपके. दादा नुकतेच भट्टीतून आले होते. हातातोंडाला काळं, अंगाला धुराचा वास.

"मास्तर, हा काय प्रकार आहे?" हेडमास्तरांचा आवाज वर्गात चालायचा तसाच गल्लीभर गेला. "आम्ही तुमचा जाहीर सत्कार केला, आणि आज तुम्हीच..."

दादांनी काळा हात वर केला. हेडमास्तरांपुढे त्यांनी आजवर मान वर केली नव्हती.

"सर, तुम्ही म्हणाल ते मला मान्य आहे," ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले. "शाल परत नेऊन देतो. पण आत्ता जरा हळू बोला. ती आत आडवी होऊन झोपलीय."